टेन्शनचं डोकं: ज्या आजाराच्या नावातच कारण आहे, त्यावर संशोधन कसं वाचायचं?

मागच्या वेळी आपण संशोधनाचा विषय आणि संशोधनाचा प्रश्न यांतला फरक पाहिला. आज पुढची पायरी घेऊ: आधी झालेलं काम टीकात्मक नजरेने वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की साहित्याचा आढावा म्हणजे 'अमुक यांनी अमुक साली असं म्हटलं' अशी वीस-पंचवीस वाक्यं एकाखाली एक लिहायची. त्याने पानं भरतात, पण आपला प्रश्न तिथेच राहतो. उदाहरण मी माझ्याच पहिल्या सिनॉप्सिसचं घेते. चुका माझ्याच आहेत, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येईल.

शीर्षक होतं: 'शिरूर तालुक्यातील ग्रामीण प्रौढांमधील मानसिक ताण आणि तणावजन्य डोकेदुखी यांचा सहसंबंध'. दिसायला कसं नीटनेटकं! एक स्वतंत्र चल, एक अवलंबी चल, एक तालुका. गाईडनी 'तणावजन्य' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "हे तू शोधणार आहेस, की आधीच ठरवलं आहेस?" मला प्रश्नच कळला नाही. मग ते म्हणाले, "गावात जाऊन चार ओळखीच्या माणसांना तुझे प्रश्न वाचून दाखव. माहिती गोळा करू नकोस. प्रश्न कळतात का तेवढं बघ."

माझं आजोळ वडगाव रासाई. भीमेच्या काठावरचं, रासाई देवीचं गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका. आजूबाजूला ऊस. मामींना समोर बसवलं आणि कागद काढला. (पुढचं सगळं त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. आणि हे संवाद म्हणजे 'डेटा' नव्हे. आचारसंहिता समितीच्या मंजुरीआधी गोळा केलेली माहिती प्रबंधात वापरता येत नाही, हे लक्षात असू द्या.)

"मामी, डोकं दुखतं का कधी?"

"रोजचंच आहे ते."

"टेन्शनमुळे दुखतं का?"

"टेन्शन कुणाला नाय गं? आता डोस्कं दुखतं म्हणून टेन्शन येतं, का टेन्शन आहे म्हणून दुखतं, ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं."

"आवळून बांधल्यासारखं वाटतं का?"

"बांधलं की तर बरं वाटतं." आणि त्यांनी खुंटीवरचं फडकं दाखवलं.

"जिना चढताना वाढतं का?"

मामींनी एकदा घराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. घराला जिना नाही.

माझी प्रश्नावली पहिल्या पाच मिनिटांत कोलमडली. ती का कोलमडली हे शोधताना मी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने साहित्य वाचलं. त्यातून निघालेले मुद्दे आता क्रमाने पाहू.

नाव कुठून आलं?

ज्याला आपण 'टेन्शन हेडेक' म्हणतो, त्याचं वैद्यकातलं नाव गेल्या साठ वर्षांत बदलत आलं आहे. १९६२ साली अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने डोकेदुखीचं वर्गीकरण केलं, त्यात 'स्नायू-आकुंचनाची डोकेदुखी' असा शब्द होता. म्हणजे इथे 'टेन्शन' होतं ते स्नायूंचं: मान, कपाळ आणि कवटीभोवतीचे स्नायू आखडतात आणि म्हणून दुखतं. कल्पना पटण्यासारखी होती. पण स्नायूंची विद्युत हालचाल मोजायला घेतल्यावर वेदना आणि आकुंचन यांचा मेळ नीट बसेना. डोकं दुखत असलेल्या बऱ्याच लोकांचे स्नायू फारसे आखडलेले नव्हते.

म्हणून १९८८ साली आंतरराष्ट्रीय हेडेक सोसायटीच्या पहिल्या वर्गीकरणात नाव आलं 'टेन्शन-टाइप हेडेक'. हा 'टाइप' शब्द नीट बघा. 'ज्याला आजवर टेन्शनची डोकेदुखी म्हणत आलो, त्या प्रकारची' एवढाच त्याचा अर्थ. कारण ठरलेलं नाही, अशी कबुलीच त्या एका शब्दात आहे. सध्या वापरात असलेल्या २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीतही हेच नाव आहे, आणि नेमकी यंत्रणा माहीत नाही असं तीत स्पष्ट म्हटलं आहे. सातत्याने आढळणारी गोष्ट एकच: बोटांनी दाबून पाहिलं तर डोक्या-मानेभोवतीचे स्नायू दुखरे लागतात. अधूनमधून होणाऱ्या डोकेदुखीत स्नायूंकडून येणाऱ्या संवेदनांचा वाटा मोठा असावा, आणि जुनाट डोकेदुखीत मेंदू व मज्जारज्जूतली वेदनेची यंत्रणाच जास्त हळवी होत असावी, असा आजचा सर्वसाधारण समज आहे.

मराठीत येताना काय झालं? 'टाइप' गळून पडलं. 'टेन्शन' तेवढं राहिलं, आणि मराठीत टेन्शन म्हणजे स्नायूंचा ताण नव्हे, मनाची काळजी. पाठ्यपुस्तकी मराठीने त्याच्याही पुढे जाऊन 'तणावजन्य' केलं, म्हणजे तणावातून जन्मलेली. आता माझं शीर्षक पुन्हा वाचा. तणाव आणि तणावातून जन्मलेली डोकेदुखी यांचा संबंध शोधायला मी निघाले होते! उत्तर प्रश्नाच्या पोटातच बसलेलं होतं. गाईडची पेन्सिल तिथे थांबली ती याचसाठी.

ताणाचा संबंध नाही, असं मी म्हणत नाही. डोकं कशाने उठतं असं विचारलं की ताण आणि अपुरी झोप ही उत्तरं जगभर मिळतात. पण 'लोक असं सांगतात' आणि 'हे कारण आहे' यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेच तर संशोधनाचं काम. आणि मामींचा उलटा प्रश्न (डोकं दुखतं म्हणून टेन्शन येतं का?) एकाच वेळी दोन्ही गोष्टी मोजणाऱ्या पाहणीतून सुटत नाही. त्यासाठी त्याच माणसांकडे काही काळाने पुन्हा जावं लागतं.

'नाही' या शब्दावर उभी असलेली व्याख्या

आता निदानाचे निकष वाचू. असे किमान १० झटके आलेले असावेत. दुखणं ३० मिनिटांपासून ७ दिवसांपर्यंत टिकतं. चारपैकी किमान दोन खुणा हव्यात: दोन्ही बाजूंना दुखणं, दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं, नाडीसारखं न उडणारं, सौम्य ते मध्यम, आणि चालणं, जिना चढणं अशा रोजच्या हालचालीने न वाढणारं. शिवाय मळमळ-उलटी नको, आणि उजेड व आवाज यांपैकी फार तर एकाचाच त्रास. शेवटी एक अट: दुसऱ्या कुठल्या निदानाने याचा जास्त चांगला उलगडा होत नसावा. महिन्याला १५ किंवा जास्त दिवस, तेही तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत असेल तर ती जुनाट.

किती 'न' आहेत मोजा. अर्धशिशीची व्याख्या खुणांनी भरलेली आहे. ही व्याख्या मात्र खुणांच्या अभावावर उभी आहे. दवाखान्यात, अनुभवी डॉक्टरसमोर, ती उपयोगाची ठरते, कारण डॉक्टर शेवटच्या अटीसाठी चार प्रश्न जादा विचारतो. पण प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणारा विद्यार्थी ती शेवटची अट तपासत नाही. मग जे कुठेच बसत नाही ते सगळं या डब्यात जाऊन पडतं, आणि डब्यावर चिठ्ठी असते 'टेन्शन'.

वडगावात राहून तीन उदाहरणं सुचली. एक, उपवास. आठ तास किंवा जास्त पोटात काही नसताना सुरू होऊन खाल्ल्यावर कमी होणाऱ्या डोकेदुखीला याच वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणाऱ्या बाईला तुम्ही उपवासाचं विचारलंच नाही, तर ती तुमच्या तक्त्यात 'तणावजन्य' होणार. दोन, डोक्यावरचं ओझं. बाहेरून सतत दाब पडल्याने होणारी आणि दाब निघाल्यावर तासाभरात थांबणारी डोकेदुखी हेही वेगळं निदान आहे. ऊसतोडीच्या फडात डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या बायकांना हा प्रश्न विचारायलाच हवा. तीन, गोळ्या. त्याकडे पुढे येते.

आणि तो जिना. अर्धशिशीच्या निकषात 'हालचालीने वाढणं किंवा हालचाल टाळावी लागणं' असं आहे. टाळणं हे दुखण्यावर जितकं अवलंबून असतं, तितकंच टाळायची मुभा आहे का यावरही. दोन म्हशींची धार, वैरण, पाणी हे कुणी डोकं दुखतं म्हणून टाळू शकत नाही. "काम टाळता का?" यावर मामी 'नाही' म्हणाल्या, आणि माझ्या कागदावर त्या अर्धशिशीपासून एक खूण दूर आणि टेन्शनच्या एक खूण जवळ गेल्या. त्या 'नाही'तून त्यांच्या घरकामाविषयी जास्त कळत होतं, डोकेदुखीविषयी कमी.

ठणका: एका शब्दात दोन निकष

भाषांतराची अडचण त्याहून बारीक आहे. नाडीसारखं उडणं आणि दुखण्याची तीव्रता हे दोन वेगळे निकष आहेत. मी पहिल्यासाठी लिहिलं होतं, 'डोकं ठणकतं का?' पण आपल्याकडे ठणकणं म्हणजे नुसतं उडणं नव्हे, तर जोरात दुखणं. दाढ ठणकते, लागलेलं बोट ठणकतं. म्हणजे एका शब्दात मी दोन निकष एकदम विचारले. जिला उडतं पण फार दुखत नाही, ती 'नाही' म्हणणार. 'ठसठसतं' म्हणावं तर ते गळवासाठी. शेवटी जमलं ते असं: हाताने मनगटाची नाडी दाखवायची आणि विचारायचं, "असं टक् टक् उडतं, का सारखं एकसारखं दुखतं?"

तीव्रतेचंही तसंच. 'सौम्य, मध्यम, तीव्र' हे सरकारी फॉर्मवरचे शब्द आहेत. शिवाय माझं 'मध्यम' आणि मामींचं 'मध्यम' एक असेल कशावरून? या प्रश्नावर आपल्याच तालुक्यातल्या संशोधकांनी विचार केलेला आहे, हे मला फार उशिरा कळलं. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. तिथे २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची आरोग्य व लोकसंख्येची सातत्याने नोंद ठेवली जात आली आहे. तिथले संशोधक जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासात सहभागी होते. त्या अभ्यासातली एक पद्धत अशी: उत्तर देणाऱ्याला त्याचा स्वतःचा त्रास तर विचारायचाच, शिवाय एका काल्पनिक माणसाची छोटी गोष्ट सांगून त्याचा त्रास किती तेही विचारायचं. गोष्ट सगळ्यांना सारखीच असल्यामुळे, कोण कुठल्या मापाने मोजतं याचा अंदाज येतो. आणि २०१३ साली याच मंडळींच्या एका लेखात त्या पद्धतीमागच्या गृहीतकांचीच तपासणी केली गेली. आपण वापरलेल्या मापाला आपणच प्रश्न विचारायचा, याला म्हणतात टीका. मी परदेशी लेख पालथे घालत होते, आणि हे काम माझ्या आजोळच्याच तालुक्यात झालेलं होतं.

कर्नाटकचा अभ्यास: काय घ्यावं, काय जपून घ्यावं

भारतात डोकेदुखी किती, यावर सगळ्यात जास्त आधार घेतला जातो तो २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातल्या पाहणीचा. निम्हान्सच्या संशोधकांनी बंगळुरू आणि आजूबाजूच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन १८ ते ६५ वयाच्या २,३२९ जणांना प्रश्न विचारले. वर्षभरात कुठलीही डोकेदुखी झालेले ६३.९ टक्के. वयानुसार प्रमाणित केल्यावर अर्धशिशी २५.२ टक्के. टेन्शन प्रकारची ३५.१ टक्के. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणारे ३ टक्के, आणि गोळ्यांच्या अतिवापराची संभाव्य डोकेदुखी १.२ टक्के.

आधी चांगलं काय ते बघा. टीका म्हणजे खोड काढणं नव्हे. दवाखान्यात आलेले लोक मोजले नाहीत, घरातले मोजले. नाहीतर फक्त जास्त त्रास असलेले, पैसे आणि वेळ असलेलेच दिसले असते. मुख्य पाहणीआधी प्रश्नावली न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीशी पडताळून पाहिली आणि ते काम २०१२ साली वेगळं छापलं. आणि 'संभाव्य' हा शब्द प्रामाणिकपणे ठेवला, कारण गोळ्या जास्त घेणं आणि त्याच कारण असणं, या दोन गोष्टी एका मुलाखतीत सिद्ध होत नाहीत.

आता जपून घ्यायचं काय. पहिलं, अशा पाहण्यांमध्ये एकाहून जास्त प्रकारची डोकेदुखी असेल तर 'सगळ्यात जास्त त्रास देणारी' तेवढी विचारतात. ज्या माणसाला दोन्ही आहेत, तो अर्धशिशीत मोजला जातो. म्हणून ३५.१ हा आकडा 'इतक्या लोकांना टेन्शन प्रकारची डोकेदुखी होते' असा वाचू नका. 'इतक्यांची मुख्य डोकेदुखी या प्रकारात बसली' असा वाचा. दुसरं, तिथे अर्धशिशी शहरापेक्षा खेड्यात जास्त निघाली. 'खेड्यात निवांत, शहरात टेन्शन' हे आपलं आवडतं वाक्य त्या आकड्यांपुढे टिकत नाही. मघाशी मी काम टाळण्याच्या निकषावर शंका घेतली होती. ती खरी असेल, तर खेड्यातली अर्धशिशी मोजली त्याहूनही जास्त असू शकते. बघा, नुसतं 'निकष चुकीचा' म्हणून थांबायचं नाही. चूक आकड्याला कुठल्या दिशेला ओढते तेही सांगायचं. तिथपर्यंत गेलात तरच तुमची टीका परीक्षकापुढे टिकते.

तिसरं, तिथला नमुना घराघरांतून निवडलेला होता. माझ्या भागात हंगामात ऊसतोड कामगार कोपी करून राहतात. त्यांचं नाव इथल्या मतदारयादीत नसतं. मी यादीवरून घरं निवडली, तर डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बायकाच माझ्या अभ्यासातून गळतील. चौथं, झोप. शेतीपंपाची वीज आलटून-पालटून येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची लाइट असली की माणूस दारं धरायला उसात जातो, आणि बिबट्याच्या धास्तीने घरातलं माणूसही जागं राहतं. 'तुम्ही साधारण किती वाजता झोपता?' या प्रश्नाला इथे एक उत्तर नाही. आठवड्याचा पाळा विचारावा लागतो.

उपचारांचे आकडे वाचताना

उपचारांवरचं साहित्य वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेवा: तुलना कशाशी केली?

साध्या गोळ्यांपासून सुरुवात करू. कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेतलेल्या १०० पैकी २३ जणांची डोकेदुखी दोन तासांत पूर्ण थांबली. नकली गोळी घेतलेल्यांत १६ जणांची. २०१६ च्या आढाव्यात १,००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलवर २४, नकली गोळीवर १९. म्हणजे गोळीचा स्वतःचा वाटा शंभरात पाच-सात माणसांचा. बाकीच्यांचं डोकं वेळ गेला, विश्रांती मिळाली, काहीतरी केल्याचं समाधान मिळालं म्हणून थांबलं. "गोळी घेतली आणि थांबलं" हे शंभरातल्या तेवीस जणांच्या दृष्टीने खरंच असतं. पण गोळीमुळे थांबलं, हे त्यातल्या फार थोड्यांना लागू पडतं.

अॅक्युपंक्चरचा २०१६ चा आढावा तर वर्गात शिकवण्यासारखा आहे. नेहमीच्या उपचारांशी तुलना केली तेव्हा डोकेदुखीचे दिवस निम्म्याने कमी झालेले लोक शंभरात ४८ विरुद्ध १७. नकली सुया टोचलेल्या गटाशी तुलना केली तेव्हा ५२ विरुद्ध ४३. उपचार तोच, पण शेजारी कोण उभं आहे त्यावर त्याची उंची बदलते.

आता ताणाकडे येऊ. २००१ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत जुनाट डोकेदुखीचे २०३ रुग्ण चार गटांत वाटले. डोकेदुखी निम्म्याने किंवा अधिक कमी झालेले असे निघाले: नैराश्यावरची जुन्या गटातली औषधं ३८ टक्के, ताण हाताळण्याचं प्रशिक्षण आणि नकली गोळी ३५ टक्के, औषध आणि प्रशिक्षण दोन्ही ६४ टक्के, फक्त नकली गोळी २९ टक्के. समजा तुम्ही एकच गट घेतला असता, 'योगापूर्वी आणि योगानंतर' असा. पस्तीस टक्के सुधारले म्हणून प्रबंध यशस्वी! पण काहीच खरं औषध न घेता एकोणतीस टक्के सुधारलेच होते. लोक उपचाराला येतात ते त्रास टोकाला पोचल्यावर, आणि टोकाची गोष्ट आपोआप थोडी खाली येतेच. आपल्याकडचे एकगटी अभ्यास वाचताना हा एकोणतीस आकडा मनात ठेवा. आणि दोन्ही एकत्र दिल्यावर जे घडलं, तेही विसरू नका. ताण हाताळायला शिकणं निरुपयोगी नाही, मात्र एकट्याने ते फार मोठा फरक पाडत नाही, एवढंच ही चाचणी सांगते.

अजून एक सापळा. अॅमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं जुनं औषध, जुनाट डोकेदुखीत वापरतात. ते लागू पडतं म्हणून 'म्हणजे हे मनाचंच दुखणं' असा निष्कर्ष काढलेला मी सेमिनारमध्ये ऐकला आहे. पण १९९६ साली डेन्मार्कमध्ये नैराश्य नसलेल्या रुग्णांवर ते दिलं तेव्हा डोकेदुखी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. आणि त्याच अभ्यासात दुसऱ्या एका नैराश्याच्या औषधाने, सिटॅलोप्रॅमने, तसा फरक पडला नाही. औषध लागू पडलं यावरून आजाराचं कारण ठरत नाही. तापाला पॅरासिटामॉल लागू पडतं, म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येत नाही.

मामींचं कॅलेंडर

आता गोळ्यांकडे. मामी दुकानातून 'डोक्याची गोळी' आणायच्या. नाव विचारलं तर पाकीट फेकलेलं. दुसऱ्या दिवशी पाकीट दाखवलं तेव्हा ती कॅफीन असलेली मिश्र गोळी निघाली. वर्गीकरणाप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्याला १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली, किंवा मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस घेतली, आणि डोकं १५ किंवा जास्त दिवस दुखत असेल, तर गोळीच डोकेदुखी वाढवत असण्याची शक्यता धरायची. "महिन्यातून किती दिवस घेता?" यावर मामी म्हणाल्या, "लागंल तवा."

घरात भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, सगळं आधीपासून लिहिलेलं. मी एवढंच सुचवलं: डोकं दुखलं त्या दिवशी एक टिंब, गोळी घेतली त्या दिवशी एक फुली. महिन्याने पाहिलं तर फुल्या दहाच्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या. संकष्टी आणि एकादशी त्याच कागदावर छापलेल्या असल्यामुळे तेही दिसत होतं. परदेशात हेडेक डायरी छापून देतात; आपल्याकडे ती घरोघरी टांगलेली आहे. महिनाअखेर आठवून सांगण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

आपण डॉक्टर नाही, निदान करायचं नाही. मी त्यांना कॅलेंडरसकट प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी फुल्या मोजल्या, गोळी बंद कशी करायची ते समजावलं, आणि सुरुवातीचे काही दिवस डोकं जास्त दुखेल हेही आधी सांगितलं. बाहेर आल्यावर मामी म्हणाल्या, "इतकी वर्षं सगळे म्हणायचे टेन्शन घेऊ नको. मला वाटायचं माझाच स्वभाव वाईट."

ते वाक्य मला माझ्या सिनॉप्सिसच्या शीर्षकापेक्षा जास्त काही शिकवून गेलं. माझी पहिली प्रश्नावली तशीच गेली असती, तर मामी 'तणावजन्य डोकेदुखी, तणाव गुण अमुक' अशी एक ओळ झाल्या असत्या, आणि शेवटच्या प्रकरणात मी ग्रामीण महिलांसाठी योगवर्गांची शिफारस केली असती. गोळीचं पाकीट त्यात कुठेच आलं नसतं.

आता माझ्या प्रस्तावाचं शीर्षक आहे: 'शिरूर तालुक्यातील प्रौढांमधील वारंवार होणारी डोकेदुखी: गोळ्यांचा वापर, झोप, उपवास आणि श्रम'. त्यात ताणही मोजणार आहे, पण आधीपासून आरोपी म्हणून नव्हे. अचानक उठलेलं आजवरचं सगळ्यात भयंकर दुखणं, ताप आणि मान आखडणं, हातापायातली ताकद जाणं किंवा बोलणं अडखळणं, डोक्याला मार, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी यांपैकी काही आढळलं तर मुलाखत थांबवून लगेच दवाखान्यात पाठवायचं, हे मी पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे. आपल्या आकड्यापेक्षा समोरचं माणूस आधी.

पुढच्या वेळेपर्यंत तुमच्यासाठी काम: तुमच्या शीर्षकातला एक असा शब्द शोधा, ज्यात उत्तर आधीच बसलेलं आहे. मग तुम्ही सगळ्यात जास्त आधार घेतलेला एक लेख काढा आणि तीनच ओळी लिहा. यांनी कुणाला मोजलं आणि कोण गळलं? कुठला प्रश्न माझ्या गावात वेगळा ऐकू येईल? त्यामुळे आकडा कुठल्या बाजूला सरकेल? या तीन ओळी जमल्या की आढाव्याची निम्मी लढाई झाली. आणि हो, गाईडकडे जाण्याआधी प्रश्नावली एकदा घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. घराला जिना आहे का, ते तेव्हाच कळतं.